शेरा

फायलेरिया पथकाच्या मागच्या खोलीतलं कपाट
निर्लेखनासाठी रिकामं करायचं होतं.
यादी मीच करत होते:
सूक्ष्मदर्शक एक, भिंग फुटलेलं.
स्पिरिटचे दिवे चार, वाती नाहीत.
काचपट्ट्यांच्या लाकडी पेट्या सतरा,
पैकी वाळवी लागलेल्या नऊ.
आणि रजिस्टरं. ती मोजायची राहिली,
कारण वरचं एक उघडलं.

रात्रपथक, मौजे तांबळवाडी, तालुका वेंगुर्ले.
सन एकोणीसशे एकसष्ट.
घर क्रमांक, नाव, वय, रक्त घेतल्याची वेळ, निकाल,
शेवटचा रकाना शेरा.
पानापानाखाली एकच सही, स. बा. मठकर,
आणि कागदाला अजून घासलेटाचा वास.

हत्तीरोगाचा जंतू दिवसा फुप्फुसांत दडून बसतो.
माणूस निजला की तो कातडीजवळ येतो,
डासाची वेळ साधून.
म्हणून मठकरही डासाच्याच वेळेला निघायचे,
एका हातात कंदील, दुसऱ्यात सुयांचा डबा,
सोडणं कुजत घातलेल्या डबक्यांच्या कडेकडेने,
माडांत वारा नसलेल्या रात्री.

घर सात: कुत्रा सोडला.
घर बारा: मंडळी दशावताराला गेली.
तिथेच गाठून घेतले. संकासुराचेही घेतले,
बोटाचा रंग पुसून.
घर एकोणीस: सदर इसम म्हणतो,
'रातचा रगत काढूक तू काय देवचार?'
बोट दिले नाही.
(पुढच्या रात्रीच्या पानावर: दिले. चहाही दिला.)
आणि कित्येक ठिकाणी नुसतं, घर बंद.
घर बंद म्हणजे पुन्हा जायचं.
तारखा लावून पाहिल्या. ते पुन्हा गेले होते.

घर तेवीस.
आवडू गोवेकर, वय पन्नास. डावा पाय खांबाएवढा.
'पाय बघ माझो, रगत कित्याक बघतंस?'
निकाल: निरंक.
पोर गुणाजी, वय एकोणीस. प्रकृती उत्तम. लग्न ठरलेले.
निकाल लाल शाईत:
जंतू आढळले. अकरा.

जिचा पाय गेला तिचं रक्त स्वच्छ,
आणि ज्याला काही झालं नाही त्याच्या थेंबात
अकरा धागे वळवळणारे.
हे त्या बाईला कंदिलाच्या उजेडात कुठल्या शब्दांत सांगितलं असेल?
शेऱ्याचा रकाना तिथे कोरा आहे.
सगळ्या वहीत तेवढाच कोरा.

मग महिनाभर तेच घर, तेच नाव.
गोळ्या सुरू. ताप आला. घरच्यांनी शिव्या घातल्या.
गोळी जिभेखाली ठेवून थुंकली.
गोळी माझ्यासमोर गिळली.
दुसऱ्या वर्षी, भाद्रपदात: गुणाजी, निरंक.
शेरा: मुलगी झाली.

पटकी आली, प्लेग आला, त्यांच्या तारखा उरल्या,
देवळात नवस उरले.
हा रोग आला असं कुणी म्हणत नाही,
तो वस्तीलाच होता, विहिरीसारखा.
माणूस मारत नव्हता, म्हणून मेलेल्यांच्या वहीत नाही.
नुसता जड करायचा. बाजारात मागे पडायला लावायचा.

शेवटच्या पानावर घर क्रमांक नाही.
नाव: स. बा. मठकर. वेळ: रात्रौ बारा दहा.
शेरा: आपले बोट आपणच टोचले. हात थरथरला.
निकालाच्या जागी वाळवीने खाल्लेलं भोक,
त्यातून खालचं टेबल दिसतं.

माझ्या यादीलाही शेवटचा रकाना शेराच आहे.
साहेब म्हणाले, सगळ्यांपुढे 'निरुपयोगी' लिहा, सही करतो.
दिव्यांपुढे लिहिलं. पेट्यांपुढे लिहिलं.
रजिस्टरांपाशी आले तोवर साडेपाच झाले होते,
शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा.
मी लिहिलं:
घर बंद.